धोंडी नदीचं लग्न मी कसं मोडलं

वेळ सकाळी नऊची. महिना चैत्राचा. जागा, वरखेड आणि डोहगाव या दोन गावांच्या मधलं नदीचं कोरडं पात्र. पिंगळी स्टेशनावर उतरून बैलगाडीनं जायचं, हाडं खिळखिळी झाली की गाव आलं असं समजायचं. हजर मंडळी: निजाम सरकारचे जमीन मोजणारे एक अमीन, त्यांचे साखळी ओढणारे दोन शिपाई, डोहगावचे पाटील, एक शेळी आणि मी.

बातमी ही अशी लिहायची असते. वेळ, जागा, माणसं. जन्मभर मी ती अशीच लिहिली आणि जन्मभर दुसऱ्यांचा मूर्खपणा छापला. आज म्हटलं, चहा आहे, तुम्ही आहात, एकदा स्वतःचाही छापून टाकू. त्या सकाळी त्या पात्रात अक्कल असलेले पाच जीव होते. शेळीला धरून पाच. सहावा मी.

आधी नदी समजून घ्या. नदी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं पाणी येत असेल. येऊ देऊ नका! आमच्या पठारावरची ही नदी वर्षातले आठ महिने नुसती वाळू. आम्ही वाळवंट म्हणतो ते नदीतल्याच वाळूला. लांबचं कुठलं वाळवंट बघायला आम्हाला उंट लागत नाही, घराच्या मागं उतरलं की झालं. बायका वाळूत खड्डा खणतात, त्याला झिरा म्हणतात, आणि वाटीवाटीनं पाणी भरतात.

वरखेडला या नदीत दगडच दगड. म्हणून वरखेडचे लोक तिला धोंडी म्हणतात. पुढं नागझरीचा ओढा तिला येऊन मिळतो. तिथून डोहगाव सुरू होतं. तिथं काळी जमीन, खोल डोह, आणि डोहाला भर वैशाखात पाणी. डोहगाववाले तिला भागीरथी म्हणतात. पुढं ती पूर्णेला मिळते आणि मग कुणीच तिला काही म्हणत नाही.

आता माझं बघा. मी हैदराबादच्या कॉलेजातून नुकताच शिकून आलो होतो. इंग्रजी मुलखात छापल्या जाणाऱ्या एका मराठी साप्ताहिकाला बातम्या धाडायचो. ते साप्ताहिक आमच्याकडे उघड यायचं नाही, कुणाच्या तरी वळकटीत गुंडाळून रेल्वेनं यायचं. म्हणजे मी वार्ताहर होतो, तरुण होतो आणि रोज सकाळी उठल्यावर आज कुणाशी भांडायचं हा माझा पहिला प्रश्न असायचा.

शिवाय वरखेडच्या विश्वनाथप्पांची लेक केवळा हिच्याशी माझं लग्न ठरलं होतं. आठच दिवस झाले होते कुंकू लावून. विश्वनाथप्पांची शेती होती, सरकीचा व्यापार होता, आणि कपाळावर तीन बोटं भस्म असं की समोरचा माणूस आपोआप खरं बोलायचा. असल्या सासऱ्यावर छाप पाडायची म्हणजे काही तरी पराक्रम करायला हवा की नको?

पराक्रम चालून आला. अमीनसाहेब नकाशासाठी जमीन मोजत मोजत संगमावर आले. मी बातमीसाठी तिथं हजर.

"पाटील, इस नदी कू क्या बोलते?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"भागीरथी, सायेब."

"हौ," म्हणत साहेबांनी नकाशावर वरपासून खालपर्यंत, पार वरखेडच्या डोक्यावरून, भागीरथी असं लिहून टाकलं.

माझं डोकं सटकलं. माझ्या सासऱ्याची नदी! माझ्या डोळ्यांदेखत!

"थांबा!" मी ओरडलो. शेळी बिचकली. "ही नदी धोंडी आहे!"

"अबी तो पाटील भागीरथी बोले."

"पाटील खालचं सांगतायत. उगमाजवळचं नाव तेच नदीचं खरं नाव. भूगोलाचा नियम आहे."

पाटील मधे पडले. "आवो बरुबर हाय त्येंचं. वर ती धोंडीच हाय. पर हितं आल्यावर काय हुतंय, की आमची..."

"तुम्ही थांबा, पाटील!"

"न्हाई, मी म्हन्तो आईकून तरी..."

"तुम्ही थांबा!"

पाटील थांबले. हे लक्षात ठेवा. तो माणूस मला सगळं सांगायला निघाला होता आणि मी, ज्याचा धंदाच लोकांना बोलतं करण्याचा, त्यानं त्याला दोनदा गप्प केलं.

"दोनो नाम लिख दूँ?" अमीनसाहेब म्हणाले. भला माणूस.

"एक नदी, एक नाव!" मी गरजलो. कॉलेजच्या वादसभेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं, ते त्या वाळूत वसूल झालं. उर्दूतून बोललो, मराठीतून बोललो, मधे एकदा इंग्रजीतूनही बोललो. शेवटी ऊन चढलं, साहेबांचा घसा सुकला. त्यांनी रबर काढलं, भागीरथी खोडलं आणि वरपासून खालपर्यंत धोंडी लिहिलं.

"खुश?" त्यांनी विचारलं.

खूश? मी तरंगत परत आलो आणि बसल्या बैठकीला लेख लिहिला. मथळा, 'नदीचं नाव चोरलं, परत मिळवलं!' त्यात एक वाक्य होतं, मला फार आवडलेलं. जन्माचं नाव पुसून दुसरं नाव लादणं ही निव्वळ गुलामी आहे, असं. ते वाक्य मी स्वतःशी मोठ्यानं म्हणून बघितलं होतं. अहो, अंगावर काटा आला होता माझ्याच!

साप्ताहिक वळकटीतून आलं. मी ते खाकोटीला मारून वरखेडला निघालो. नवं धोतर, तेल लावलेले केस. हार कुठं घालतील, पारावर की वाड्यात, एवढीच काय ती उत्सुकता.

पारावर कुणी शरणार्थ म्हणेना, साधा नमस्कारही नाही. एकानं माझ्याकडे बघून चक्क पाठ फिरवली. मला वाटलं, लाजतायत. मोठा माणूस बघून खेड्यात लाजतात लोक.

विश्वनाथप्पांच्या ओसरीवर बसलो. पाणी आलं. नुसतं पाणी. होणाऱ्या जावयापुढं गुळाचा खडा नाही, शेंगदाणा नाही! तांब्याकडे बघत मी म्हणालो, "अप्पा, लेख वाचलात?"

"गुरुजीनं पारावर वाचून दावला," अप्पा म्हणाले.

"कसा वाटला?"

आतून अप्पांची बहीण काशीआत्या बाहेर आली. या बाईचं तोंड म्हणजे दुधारी. पदर खोचून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"वाटायचं काय त्यात? लेक परत पाठीवली आमची! लय मोठं काम केलंव, बाबा!"

मी चपापलो. "कोण लेक? केवळा कुठं गेली होती?"

"केवळा न्हाई, धोंडी! नदी आमची!" आत्या कडाडली. "तुमच्या शाळंत सांगितलं न्हाई का, पोरीचं लगीन होतंय म्हनून?"

आणि मग पाटील जे सांगायला निघाले होते ते मला काशीआत्यानं सांगितलं. थांबा म्हणायची माझी छाती झाली नाही.

धोंडी ही वरखेडची लेक. नागझरीचा ओढा हा डोहगावचा पोरगा. श्रावणात नदी भरली की वरखेडच्या बायका वाजतगाजत संगमावर जातात, तिची खणानारळानं ओटी भरतात आणि रडतात. खरोखर रडतात! पलीकडून डोहगावची मंडळी येतात. ओल्या वाळूवर बोटानं नवं नाव लिहितात, भागीरथी. आपल्याकडे नव्या नवरीचं नाव ताटातल्या तांदळात लिहितात तसंच. माहेरची धोंडी सासरी भागीरथी झाली. आजे-पणजे होते तेव्हापासून हे असं चालू.

आणि हे नुसतं गाणं-बजावणं नव्हे. उन्हाळ्यात वरखेडला पाणी नसतं. तेव्हा वरखेडची ढोरं डोहगावच्या डोहावर जातात. डोहगाववाले अडवत नाहीत, कारण सोयरीक आहे. सुनेच्या माहेरची जनावरं तहानलेली परत धाडायची असतात का?

"आन आता?" आत्या म्हणाली. "काल आमची ढोरं काठावरून माघारी लावली त्येंनी. पाटील काय म्हनले सांग की रं, इस्वनाथा."

अप्पांनी खाली बघत सांगितलं. "म्हनले, सरकारी कागदावर तुमची पोरगी हेट, पार खालपरेंत धोंडीच हाय. मंजे नांदायला आलीच न्हाई. मंग सोयरीक कशाची? आन तुमच्या जावयानं तर छापून टाकलंय, सासरचं नाव मंजे गुलामी."

माझं लाडकं वाक्य! त्याचा एवढा खोलवर परिणाम व्हावा असं मलाही वाटलं नव्हतं.

"अप्पा, मी तर तुमच्याच बाजूनं..."

"तुमी थांबा," अप्पा म्हणाले. अगदी हळू. "ज्या दिवशी आमची ढोरं डोहावर पानी पितील, त्या दिवशी लग्नाचं बोलू. तवर केवळा आमच्या घरी."

दाराआड बांगड्या वाजल्या. कुणी तरी हसलं की हुंदका दिला, ते मला आजवर कळलेलं नाही. केवळाला विचारलं की म्हणते, "तुमीच वळखा, वार्ताहर ना तुमी?"

मी धावतच अमीनसाहेबांच्या तंबूवर गेलो. साहेब जेवून आडवे झाले होते. मला बघून त्यांनी आधी नकाशा उशीखाली सारला.

"साहेब, खालच्या अंगाला भागीरथी लिहा."

"मियाँ, उस दिन तुम गला फाड फाड के बोले, एक नदी एक नाम."

"तेव्हा मला माहीत नव्हतं!"

"तो बोले कैकू?"

याला काय उत्तर द्यायचं? तुम्ही सांगा. मी जन्मभर लोकांना अडचणीचे प्रश्न विचारले, पण इतका नेमका प्रश्न मला एकदाही सुचला नाही.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. लेक, सासर, ओटी, ढोरं आणि माझं अडकलेलं लग्न. लग्नाचं ऐकल्यावर साहेब उठून बसले.

"अरे, तो लडकी की शादी हुई, ऐसा बोलो ना! नदी-नदी क्या लगा रखा?" त्यांनी उशीखालून नकाशा काढला आणि रबर घासायला घेतलं. धोंडी पुसलं, भागीरथी लिहिलं. मग आठवलं की वरच्या अंगाला धोंडी हवं, म्हणून पुन्हा पुसलं. आता या दोघींच्या मधे संगम कुठं दाखवायचा म्हणून तिसऱ्यांदा पुसलं. आणि एकदम थांबले.

नकाशाला भोक पडलं होतं.

चांगलं करंगळी जाईल एवढं! बरोब्बर संगमावर! त्यातून खालच्या सतरंजीची लाल पट्टी दिसत होती. आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत बसलो.

"हैदराबाद में देख लेंगे," साहेब म्हणाले आणि नकाशाची गुंडाळी केली.

आता डोहगाव राहिलं होतं. अप्पांना आणि नारळ घेऊन मी पाटलांच्या दारी गेलो. पाटील सुपारी कातरत होते. मी सुरुवात केली, "पाटील, मी जे म्हणालो..."

"तुमी थांबा," पाटील म्हणाले. त्या आठवड्यात अख्खा मुलूख मला हेच म्हणत होता. "लगीन तुमी मोडलं, तुमीच लावा. पुन्यांदा. जित्तं मानूस लावतेत तसं."

"लावू की, श्रावणात पाणी आलं की लगेच."

"सरावनापरेंत ढोरं काय तुमचं वर्तमानपत्र खातील? सोमवारी लावा. आन वऱ्हाडाला जेवन तुमचं. दोनी गावं."

तर मंडळी, भर चैत्रात, थेंबभर पाणी नसलेल्या नदीचं लग्न बघितलंय कुणी? मी लावलंय! वरून ऊन, खालून वाळू. डोक्यावर नारळाचं ताट घेऊन मी अनवाणी उभा, एक पाय खाली, एक वर. बगळ्यासारखा. वरखेडच्या बायका रडायला लागल्या, आणि त्यांच्यातल्या निम्म्या माझ्याकडे बघून हसू लपवत होत्या. पाटलांनी वाळूवर बोटानं भागीरथी लिहिलं. वाळू कोरडी, नाव लिहिलं की मिटायचं. शेवटी वाजंत्री वाजवणाऱ्यानं आपल्या घागरीतलं पाणी ओतलं तेव्हा कुठं अक्षरं उठली.

अमीनसाहेब गव्हाची गोड हुग्गी खाऊन तृप्त झाले होते. "माशाल्ला, क्या शादी है! दुल्हन किधर है?" ते विचारत होते.

"तुमी तिच्यावरच बसलाव, सायेब!" काशीआत्या म्हणाली.

दुपार कलली तशी वरखेडची ढोरं डोहाकडे सुटली. सगळी माणसं काठावर उभी राहून बघत होती. पहिल्या म्हशीनं पाण्यात तोंड घातलं आणि विश्वनाथप्पांनी डोळे पुसले. भस्म लावलेल्या त्या कडक माणसाला रडताना मी तेवढं एकदाच बघितलं. खोटं कशाला बोलू, त्या म्हशीला मीही मनातल्या मनात हात जोडले. माझं लग्न होतं तिच्या तोंडी.

वैशाखात आमचं लागलं. माझ्या आईनं सुनेचं नाव ठरवून ठेवलं होतं, सुलोचना. लग्न लावणाऱ्या जंगमस्वामींनी तांदळाचं ताट पुढं केलं, अंगठी माझ्या हातात दिली. मी ताटावर वाकलो.

"थांबा," नवरी म्हणाली.

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. लग्नात नवरी बोलते? आणि तेही असं, खणखणीत? आयुष्यात ती माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द!

"जन्माचं नाव पुसून दुसरं लादनं ही निव्वळ गुलामी हाय," केवळा म्हणाली. "पारावर वाचलेलं आमी घरातून आईकलंय. छापलेलं खरं का खोटं?"

आता काय उत्तर देता! खोटं म्हणावं तर वार्ताहर म्हणून संपलो. खरं म्हणावं तर आई शेजारी बसलेली. मी अंगठी धरून तसाच वाकलेला.

"खरं," मी म्हणालो. कसाबसा.

"मंग मी केवळाच. तुमी लगीन लावलेली ती धोंडी दोनदा नांदायला गेली, तिचं काय ते तिचं झालं. माझं नाव मी बदलनार न्हाई."

आईनं कपाळावर हात मारला. पण जंगमस्वामी अडून बसले. "ताट मांडलंय, अंगठी काढलीय. कुनाचं तरी नाव लिव्हावंच लागंल. मोकळं ताट उचलू नये."

"मंग नवऱ्याचं लिवा की!" मांडवातून काशीआत्या ओरडली. "त्येनंच नदीला उलटी फिरवली. तुमी व्हा धोंडप्पा!"

असा हशा उसळला की वाजंत्रीवाल्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्या गोंधळात केवळानं माझ्या हातातून अंगठी घेतली आणि तांदळात ठसठशीत लिहिलं, धोंडप्पा. सुंदर अक्षर होतं. पाहुण्यांत बसलेले अमीनसाहेब टाळ्या वाजवत होते. "वाह! धोंडप्पा! क्या नाम है!" हुग्गीचा दुसरा वाडगा त्यांच्या हातात होता.

त्या दिवसापासून वरखेडमध्ये मला माझ्या खऱ्या नावानं ओळखणारं कुणी नाही. मी निजामाविरुद्ध लिहिलं, नंतर आलेल्यांविरुद्ध लिहिलं, पाऊल ठेवीन त्या कचेरीत माझ्या नावानं खुर्च्या सरकत. आणि सासुरवाडीला गेलो की शेंबडी पोरं ओरडायची, "धोंडप्पा आले! ढोरं बांधा!" केवळा तर घरीही तेच म्हणते. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. ती म्हणते, हे कुठं तुमचं नाव आहे, हे तर तुम्हाला सासरनं दिलेलं.

इथं किस्सा संपला असता. पण पुढं निजाम गेला, राज्यं बदलली आणि संगमावर पूल झाला. उद्घाटनाची बातमी घ्यायला मीच गेलो होतो. मंत्री बोलत होते, मी कंटाळून इकडंतिकडं बघत होतो. नजर पुलाच्या तोंडाशी लावलेल्या सरकारी पाटीवर गेली.

पाटीवर लिहिलं होतं, 'धोंडप्पा नदी'.

धोंडी नाही. भागीरथी नाही. धोंडप्पा! जन्मभर सासरमाहेर करणारी एक बाईमाणूस नदी, आणि तिच्या कपाळी माझं नाव!

मी भांडलो. तुम्ही मला ओळखता, मी सोडतो का? खात्याला विचारलं, या नावाला आधार काय? उत्तर आलं, जुन्या नकाशाप्रमाणे. मी विचारलं, कुठला नकाशा? तर तोच, निजामाच्या वेळचा. हैदराबादला जाऊन मी तो बघितला. संगमावरच्या भोकाला मागून कागद चिकटवलेला होता आणि त्यावर शाईनं ते नाव.

अमीनसाहेब केव्हाच वारले. पाटीलही गेले, काशीआत्याही गेली. केवळाला विचारलं तर ती चुलीकडे तोंड करून म्हणते, "मला बाई काय ठावं?" आणि तिचे खांदे हलत असतात.

पाटी अजून तिथंच आहे. त्या भोकात धोंडप्पा कुणी लिहिलं, याचं उत्तर मला आजतागायत कुणीही दिलेलं नाही.